बिनमहत्त्वाचे बोलणे : हौशी रेडिओच्या संभाषणाविषयी

१९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषदेने जे नियम मंजूर केले, त्यांत खाजगी प्रायोगिक केंद्रांविषयी एक विलक्षण कलम आहे. निरनिराळ्या देशांतील अशा केंद्रांना परस्परांशी बोलण्याची मुभा असलीच, तर ते बोलणे उघड भाषेत व्हावे, सांकेतिक लिपीत नव्हे. त्याचा विषय प्रयोगांपुरता असावा. आणि त्याखेरीज जे खाजगी स्वरूपाचे बोलणे होईल ते इतके बिनमहत्त्वाचे असावे, की त्यासाठी सार्वजनिक तारसेवेचा आश्रय घेण्याचे कारण पडू नये. या कलमाचे शब्द पुढे थोडेफार बदलले, 'तारसेवे'च्या जागी 'दूरसंचारसेवा' आली, पण त्यातले 'बिनमहत्त्वाचे' हे विशेषण २००३ पर्यंत, म्हणजे तब्बल ७६ वर्षे, टिकून राहिले.

राजद्रोही बोलू नका, अश्लील बोलू नका, कोणाची बदनामी करू नका, असे बजावणारे कायदे आपल्या परिचयाचे आहेत. महत्त्वाचे बोलू नका, असे सांगणारा कायदा मात्र विरळाच म्हणावा लागेल. साहित्याच्या अभ्यासकांनी या कलमाकडे थोडे थांबून पाहावे असे आम्हांस वाटते, कारण येथे एका संपूर्ण संभाषणप्रकाराची व्याख्या त्याच्या आशयाच्या नगण्यतेवरून केलेली आहे. ज्यांना आज 'हौशी रेडिओवाले' किंवा 'हॅम' म्हणतात, त्या लोकांनी या व्याख्येच्या चौकटीत राहून तीन पिढ्या बोलण्यात घालवल्या. परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, सरकारने दिलेले संबोधनचिन्ह घ्यायचे, गच्चीवर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच कोणा अनोळखी माणसाशी काही मिनिटे बोलायचे; त्यातून पैसा मिळवायचा नाही, कोणाचा निरोप पोचवायचा नाही. मग हे लोक बोलतात तरी काय? आणि जे बोलतात त्याला इतिहास असू शकतो काय?

या विशेषणामागचे कारण प्रथम पाहू. ते अगदी व्यावहारिक होते. तारखाते ही बहुतेक देशांत सरकारची मिरासदारी होती आणि तारेचा प्रत्येक शब्द विकला जात असे. कापसाचा भाव, जहाजाचे आगमन, मुलाचा जन्म, बापाचा मृत्यू हे सारे त्या उत्पन्नाचे विषय. आपल्याकडे तर तार आली म्हटल्याबरोबर, ती उघडण्यापूर्वीच, घरात रडारड सुरू होत असे. इतके तारेचे आणि महत्त्वाचे नाते घट्ट होते. तेव्हा जे तारेने पाठवण्याजोगे आहे ते तारेनेच गेले पाहिजे, आणि हौशी माणसाच्या वाट्याला तारेच्या चाळणीतून खाली पडणारा चुरा यावा, अशी ही वाटणी होती. सुरक्षिततेची चिंता तिच्यात होतीच, पण आमच्या मते ती दुय्यम.

गंमत अशी की या लोकांना लहरींचाही चुराच मिळाला होता. १९१२ च्या अमेरिकन रेडिओ कायद्याने हौशी केंद्रांना २०० मीटर आणि त्याखालील तरंगलांबीत बंदिस्त केले. त्या काळच्या समजुतीनुसार लांब पल्ल्यासाठी लांब लहरीच हव्यात. २०० मीटरच्या खालचा प्रदेश म्हणजे खडकाळ माळरान. तेथे या पोरांनी खुशाल खेळावे आणि काही दिवसांनी कंटाळून घरी जावे, असा हिशेब असावा. ते गेले नाहीत. एकाचा आवाज फार दूर जात नाही, तर एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे संदेश पुढे द्यावा, या कल्पनेतून १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम याने अमेरिकेत हौशी लोकांची 'रिले लीग' स्थापन केली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा त्यांचा माणूस ग्राहकयंत्र घेऊन स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे समुद्रकाठी तंबूत बसला आणि त्याने कनेक्टिकटमधील हौशी केंद्राचा संदेश अटलांटिकपलीकडून ऐकला. नोव्हेंबर १९२३ मध्ये नीस येथील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संभाषण झाले. माळरान सुपीक निघाले. मार्कोनी कंपनीचे लघुलहरींवरील प्रयोग त्याच सुमारास चालू होते हे येथे नमूद केले पाहिजे; सर्व श्रेय हौशी लोकांना देण्याची त्यांच्या गोटातील प्रथा आम्हांस मान्य नाही. पण लहरी कामाच्या निघताच त्या प्रदेशात साम्राज्यांची आणि कंपन्यांची पावले वळली हे खरे. आपल्याकडे खडकी आणि दौंड येथे उभारलेल्या केंद्रांवरून इंग्लंडशी लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली तीही १९२७ सालीच, म्हणजे वॉशिंग्टनची परिषद भरली त्याच वर्षी. हौशी लोकांना त्या परिषदेत लहरींचे काही अरुंद पट्टे राखून मिळाले, आणि सोबत हे 'बिनमहत्त्वाचे' विशेषण.

या काळातील एक प्रसंग भारताशी जोडलेला आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील शॅग व्हॅली या मेंढपाळीच्या मुलुखातून फ्रँक बेल याने लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी संपर्क साधला. पृथ्वीच्या जवळजवळ दोन विरुद्ध टोकांना असलेली ही दोन माणसे. त्यांपैकी एक शाळकरी. फ्रँक पुढे शेतीत गुंतला आणि ते केंद्र त्याची बहीण ब्रेंडा हिने चालवले. न्यूझीलंडमधील ती पहिली हौशी रेडिओ-स्त्री. शाळकरी गॉयडर मोठा झाला, आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. येथील लघुलहरी प्रक्षेपणाच्या जाळ्याची आखणी त्याच्या कारकिर्दीत झाली. आमच्या आजोबांच्या पिढीने घरात बसून जे दिल्लीचे आवाज ऐकले, त्यांच्या मागे कोठेतरी शाळेच्या खोलीत रात्री जागणारा तो मुलगा आहे.

आता बोलण्याकडे वळू. या संभाषणाचा सांगाडा जगभर एकच आहे आणि शंभर वर्षांत तो फारसा बदललेला नाही. प्रथम दोघांची संबोधनचिन्हे. मग तुझा आवाज मला कसा ऐकू येतो, याचा अहवाल. मग नाव, मग गाव. मग यंत्र कोणते, शक्ती किती वॅट, अँटेना कशी आणि जमिनीपासून किती उंच. मग हवा: ऊन आहे की पाऊस, तापमान किती. मग पोचपावतीचे कार्ड पाठवण्याचे आश्वासन, शुभेच्छा, आणि निरोप. संपले. दोघांनाही एकाच गोष्टीत विशेष रस निघाला तर बोलणे लांबते, एरवी पाच मिनिटांत आटोपते.

यासाठी लागणारी शब्दकळा तारमास्तरांकडून आली. 'क्यू' अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत ब्रिटिश जहाजी तारयंत्रासाठी १९०९ च्या सुमारास तयार झाले आणि १९१२ च्या लंडन परिषदेने ते सर्वांसाठी स्वीकारले. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या केंद्राचा अडथळा, 'क्यूआरएन' म्हणजे आकाशातील खरखर, 'क्यूएसबी' म्हणजे आवाजाचे चढणे-उतरणे, 'क्यूएसएल' म्हणजे पोचले. निरोपाचा '७३' हा आकडा तर त्याहून जुना. १८५७ च्या सुमारास अमेरिकन तारमास्तर तो प्रेम कळवण्यासाठी वापरत, पुढे त्याचा अर्थ 'सप्रेम नमस्कार' इतका सौम्य झाला, आणि प्रेमाचा जिम्मा '८८' कडे गेला. 'हॅम' हा शब्दही तारखात्यातलाच, अडाणी हाताच्या तारमास्तराला हिणवण्यासाठी योजलेला. ही वंशावळ आम्हांस महत्त्वाची वाटते. तारमास्तर दिवसभर दुसऱ्यांचे विकत घेतलेले शब्द पाठवीत. रात्री तार मोकळी असली की दोन स्थानकांतील मास्तर आपसांत फुकट गप्पा मारीत. हौशी रेडिओने तारेचे काम घेतले नाही, त्या कामाच्या फटीत चालणारी ही 'कडकट्ट' तेवढी घेतली.

मराठी वाचकाला या सांगाड्यात काहीतरी ओळखीचे दिसेल. जुन्या पत्रांतील 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'येथील क्षेम, आपले क्षेम लिहीत जावे', 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा' ही वळणे आठवावीत. पेशवाईतील कागदांचे संपादक प्रसंगी हा मायना गाळून मधला 'मजकूर' तेवढा छापत, कारण इतिहासाला मजकूर हवा असतो. हौशी रेडिओचे संभाषण म्हणजे मजकूर गाळून उरलेला मायना. ज्या १९२३ साली अटलांटिकवरून पहिले दुतर्फा हौशी बोलणे झाले, त्याच साली मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याने असे प्रतिपादले की माणसांच्या बोलण्याचा मोठा भाग काही सांगण्यासाठी नसतोच. 'कसे काय, बरे आहे ना, आज उकडते फार' हे बोलणे केवळ सोबतीचा धागा बांधण्यासाठी असते. पुढे १९६० मध्ये रोमान याकबसन याने भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांत या सोबतीच्या बोलण्याला स्वतंत्र जागा दिली आणि उदाहरण म्हणून संपर्क चालू आहे की नाही हे तपासणारे दूरध्वनीवरचे शब्द घेतले. हौशी रेडिओत हे कार्य इतर पाच कार्यांना बाजूला सारून मुख्य गादीवर बसते. 'तुला मी ऐकू येतो काय' हा येथे प्रस्तावनेचा प्रश्न नसून तोच विषय आहे. १९३४ पासून त्यासाठी तीन अंकांची मोजपट्टीही आहे: वाचनीयता पाचपैकी, जोर नऊपैकी, सुराची शुद्धता नऊपैकी. आणि मोजपट्टी आली की शिष्टाचार आलाच. स्पर्धांच्या वेळी जो तो दुसऱ्याला सरसकट '५९९' देऊन मोकळा होतो, मग आवाज खरखरीत बुडालेला का असेना. विहिणींनी एकमेकींच्या स्वयंपाकाची वाखाणणी करावी तसा हा प्रकार.

या शिष्टाचाराचे आंधळे कोपरेही आहेत. प्रत्येक पुरुष 'ओल्ड मॅन', मग तो सोळा वर्षांचा का असेना. प्रत्येक स्त्री 'यंग लेडी', मग ती सत्तरीची का असेना. आणि बायको 'एक्स-यंग लेडी'. विनोद म्हणून हे खपून गेले. पण ब्रेंडा बेलसारखी स्त्री सुरुवातीपासून यंत्रापाशी बसलेली असताना या समाजाची भाषा स्त्रीला यंत्राच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करते, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दोघांच्या बोलण्याहून निराळा, आणि आमच्या मते अधिक रसाळ, प्रकार म्हणजे 'नेट'. संगणकाचे जाळे आले त्याच्या कितीतरी आधी हौशी लोक आपल्या नित्याच्या बैठकीला नेट म्हणत आले आहेत. ठरलेली वेळ, ठरलेली कंपनसंख्या. एक जण सूत्रधार. तो हजेरी घेतो, जो आला त्याचे संबोधनचिन्ह वहीत मांडतो, आणि मग एकेकाला पाळी देतो. एका वेळी एकानेच बोलायचे, 'ओव्हर' म्हणेपर्यंत इतरांनी थांबायचे. यंत्राची रचनाच अशी की बोलणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही. पारावरच्या गप्पांत जो मोठ्याने बोलतो त्याचे चालते. येथे मितभाषी माणसालाही त्याची पाळी पुरी मिळते. आपल्याकडे अशा बैठकांसाठी ७ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा सोयीचा, कारण दिवसा त्यावर काहीशे किलोमीटरचा परिसर चांगला सापडतो. सकाळच्या चहाच्या वेळी पुण्याचा माणूस बेळगावच्या, हैदराबादच्या माणसाशी बोलू शकतो.

आणि बोलतो काय? सूर्यावरील डाग वाढले की घटले, कारण त्यांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रावर लांबचे ऐकू येणे अवलंबून. नव्या तारेचे माप. वीजपुरवठ्यातून येणारी गुणगुण. पावसाळ्याच्या तोंडाशी गडगडाट सुरू झाला की अँटेनाची केबल काढून ठेवण्याची आठवण. सोसायटीच्या सभेत गच्चीवरील खांबाविरुद्ध आलेली तक्रार, आणि शेजारच्यांचा टीव्ही आपल्यामुळे बिघडत नाही हे पटवण्याची कसरत. शेजारच्या इमारतीतील स्वस्त एलईडी दिव्यांनी वाढवलेली खरखर. मग हळूच मोतीबिंदू, रक्तदाब, परदेशी गेलेला मुलगा. धर्म, राजकारण, धंदा वर्ज्य. आपल्याकडच्या १९७८ च्या नियमांनीही बातम्या, जाहिराती, व्यापारी व्यवहार, राजकीय वादविषय, गाणेबजावणे हे सारे निषिद्ध ठरवले होते. शिवाय सर्वच रेडिओकेंद्रांना लागू असलेला आंतरराष्ट्रीय नियम अनावश्यक प्रक्षेपणास मनाई करतो. म्हणजे बोलणे बिनमहत्त्वाचे असावे, पण अनावश्यक असू नये! या दोन कलमांमधली फट सुईच्या नेढ्याएवढी आहे, आणि नेट गेली कित्येक दशके तिच्यातून दोरा ओवीत आहे.

अलीकडे, म्हणजे विशेषतः २००२ मध्ये 'एकोलिंक' ही संगणकी जोडणी आल्यापासून, गच्ची नसलेले किंवा वयोमानाने गच्चीवर चढू न शकणारे लोक आंतरजालावरूनही नेटमध्ये येतात. आकाशातून न येता तारेतून आलेला आवाज हा रेडिओ म्हणायचा काय, हा वाद अर्थातच नेटवर चवीने चघळला जातो. त्यात आम्ही पडत नाही. हजेरीची रीत तीच राहिली, एवढे पुरे.

या हजेरीत एक गोष्ट न बोलता घडते: जो आला नाही तो सर्वांना कळतो. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, की कोणीतरी दूरध्वनी करतो. या समाजात मेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात, मुकी झालेली कळ. तारयंत्राची कळ आज बहुतेकांच्या घरात नाही, पण शब्द राहिला आहे.

बिनमहत्त्वाच्या बोलण्याला राज्यकर्ते खरोखर बिनमहत्त्वाचे मानत होते काय, याची परीक्षा मात्र संकटाच्या वेळी होते. निकोलाय श्मिट याची कथा या दृष्टीने बोलकी आहे. मे १९२८ मध्ये उत्तर ध्रुवावरून परतणारे नोबिले याचे 'इटालिया' हे हवाई जहाज बर्फावर कोसळले. वाचलेल्यांनी तंबूतून लहानशा लघुलहरी यंत्रावर हाका घातल्या. त्यांच्यासाठीच नांगरून असलेल्या मदतजहाजाला त्या उमगल्या नाहीत. ३ जूनला रशियातील वोझनेसेन्ये-वोख्मा या आडगावात घरी बनवलेल्या ग्राहकयंत्रावर श्मिटला त्या ऐकू आल्या. आणि त्याने काय करावे? त्याने मॉस्कोला तार केली. ऐकलेली गोष्ट महत्त्वाची होती, तेव्हा ती तारेनेच जायला हवी होती. शोधाची दिशा त्यातून मिळाली, जुलैमध्ये 'क्रासिन' या बर्फफोड्या जहाजाने माणसे सोडवली, श्मिटचा गौरव झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याच श्मिटला हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली, आणि १९४२ मध्ये गोळी घालण्यात आली. परदेशचे आवाज ऐकणारा कान हे गुणाचे लक्षण होते तेच पुराव्याचे झाले. पुढच्या सोव्हिएत काळात तेथील हौशी लोकांना आपला पत्ता सांगण्याची मुभा नव्हती. सर्व कार्डे मॉस्कोच्या ८८ क्रमांकाच्या टपालपेटीत जात. नाव, हवा, अँटेना, '७३'. शीतयुद्धाच्या त्या दशकांत पलीकडच्या माणसाचे नाव आणि त्याच्या खिडकीबाहेर पडणारे बर्फ एवढे ठाऊक असणे म्हणजे पुष्कळ होते, आणि ते सांगता आले याचे कारण ते बिनमहत्त्वाचे होते. कलमाने केलेला हा उपकार त्याच्या कर्त्यांच्या मनात खचितच नसावा.

युद्ध आले की हौशी परवाने थांबतात, हा नियमच आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि भारतातही ते थांबले; फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये थांबले. ब्रिटनने मात्र या लोकांची तोंडे बंद करून त्यांचे कान नोकरीला ठेवले. खरखरीतून क्षीण कडकट्ट वेचण्याचा सराव असलेले शेकडो हौशी घरच्या घरी रात्ररात्र जर्मन हेरखात्याचे संदेश टिपून बार्नेटच्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवू लागले. तेथून ते ब्लेचलीच्या संकेतभेदकांकडे जात. पुढे इतिहासकार म्हणून गाजलेला ह्यू ट्रेव्हर-रोपर याच खात्यात होता. टिपणाऱ्यांना आपण काय टिपतो आहोत हे ठाऊक नसे. पाच-पाच अक्षरांचे अर्थहीन गट लिहायचे आणि टपालात टाकायचे.

मुंबईत उलटे घडले. नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने परवाना गेल्यावर यंत्राचे भाग जपून ठेवले होते. त्याच्या तांत्रिक मदतीने ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. चितगाव, जमशेदपूर, चिमूर-आष्टी येथील बातम्या, ज्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या केंद्राने सांगितल्या. जागा बदलत, पोलिसांना चुकवत ते १२ नोव्हेंबरपर्यंत चालले. त्या दिवशी छापा पडला. पोलिसांना वाट दाखवणाराही प्रिंटरच. तो माफीचा साक्षीदार झाला, आणि उषा मेहतांना चार वर्षांची सजा झाली. या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर सांगितली जात असे. हिशेब केला तर ती ७ मेगाहर्ट्‌झच्या जरा वर येते: ज्या पट्ट्यावर आज सकाळी तापमान आणि तारेची मापे सांगितली जातात, तोच हा पट्टा. प्रिंटरविषयी कठोर निवाडा देणे सोपे आहे आणि तो बहुतेकांनी दिला आहे. आम्ही एवढेच म्हणू, की बिनमहत्त्वाच्या बोलण्यासाठी घडलेले यंत्र अतिमहत्त्वाच्या कामाला जुंपणे हे तांत्रिकदृष्ट्या एका संध्याकाळचे काम असते. माणूस त्या कामाला जुंपला जाणे ही निराळी बाब आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, महू येथे भारतातील हौशी लोकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिच्या आणि एकूणच या छंदाच्या समर्थनार्थ जे लिहिले जाते, त्यात आपत्तीतील सेवेवर भर असतो. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा. दूरध्वनी मुके झाले तेथे हे लोक यंत्रे घेऊन गेले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी पोर्ट ब्लेअरला केवळ छंदापायी गेली होती. अंदमानचे संबोधनचिन्ह दीर्घ काळ कोणाला ऐकू आले नव्हते, म्हणून जगभरचे हौशी त्यांच्याशी दोन वाक्ये बोलायला रांगा लावून होते. २६ तारखेला समुद्र आत आला. ज्या यंत्रावर आदल्या रात्रीपर्यंत '५९, धन्यवाद, ७३' चालले होते, त्यावरून त्या दिवसापासून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळू लागली.

हे सर्व खरे आहे आणि मोठे आहे. तरीही या छंदाचे समर्थन आपत्तीच्या आधारे करण्याची पद्धत आम्हांस पटत नाही. त्यात 'बिनमहत्त्वाचे' हे विशेषण मनोमन मान्य करून त्याबद्दल क्षमा मागण्याचा सूर आहे: एरवी आम्ही वेळ घालवतो, पण वेळ आल्यास उपयोगी पडतो. १९६१ साली बीबीसीने टोनी हॅनकॉक याची हौशी रेडिओवाल्यावरची एक विनोदी नाटिका दाखवली होती. तिचा नायक टोकियोतल्या हवेची चौकशी करण्यात दंग असतो आणि अचानक बुडत्या नौकेची हाक येते, तेव्हा त्याची अशी तारांबळ उडते की पेन्सिलसुद्धा धड चालत नाही. नाटिका निर्दय आहे, पण तिच्यातले निरीक्षण बारीक आहे. त्या माणसाला संकट हवे होते, आणि हवा होती म्हणून विचारलेली टोकियोची हवा मात्र त्याने मनापासून विचारली होती. पोर्ट ब्लेअरची गोष्टही याच बाजूने वाचता येईल. ती तुकडी तेथे होती ती सेवेच्या योजनेमुळे नव्हे. दोन वाक्यांच्या रांगेमुळे होती.

इतिहासलेखकाची अडचण निराळीच आहे. या बोलण्याचे कागद विपुल आहेत आणि बोलणे कोठेच नाही. प्रत्येक परवानाधारकाने नोंदवही ठेवायची: तारीख, वेळ, कंपनसंख्या, समोरच्याचे संबोधनचिन्ह, दिलेला अहवाल, मिळालेला अहवाल. झालेल्या भेटीची पोच म्हणून रंगीत कार्डे पाठवायची. खोक्यांच्या खोक्यांनी ती माळ्यावर पडलेली असतात, आणि घरातील माणूस गेल्यावर रद्दीत जातात. त्यांवरून अमुक दिवशी, अमुक मिनिटाला, अमुक दोन माणसे बोलली एवढे इतक्या काटेकोरपणे सिद्ध होते की एखाद्या तहाचीही तेवढी नोंद नसेल. काय बोलली ते कळत नाही. पत्रांच्या संपादकांनी मजकूर ठेवून मायना गाळला. येथे दोन्ही गेले आणि पाकिटावरचा शिक्का राहिला.

२००३ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने हौशी सेवेची कलमे नव्याने लिहिली. तारयंत्राच्या लिपीची परीक्षा सक्तीची ठेवायची की नाही हे प्रत्येक देशावर सोपवले गेले, आणि त्यावरून हौशी लोकांत पुष्कळ वादावादी झाली. त्याच लेखणीने 'बिनमहत्त्वाचे' हे विशेषण आणि सार्वजनिक सेवेशी केलेली तुलना काढून टाकली. आता नुसते 'खाजगी स्वरूपाचे बोलणे' एवढेच शब्द आहेत. याची चर्चा फारशी झाली नाही. दहा वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, भारतातील तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या. आयुष्यात कधी तार न केलेली तरुण मुले आठवण म्हणून एकमेकांना तारा करीत होती, आणि त्यांत कळवण्यासारखे काहीच नव्हते.